साहेब नाहीत

जोतीराम फडतरे पलटणीतून परत आले तेव्हा त्यांचा डावा कान गेलेला होता. आफ्रिकेत कुठंतरी अगदी जवळ गोळा फुटला. अंगाला ओरखडाही आला नाही, कान तेवढा गेला. त्यांच्याशी बोलायचं तर उजव्या अंगाला उभं राहावं लागे. खटाव तालुक्यातल्या त्यांच्या गावातली बरीच माणसं पलटणीत होती, पण टाइपरायटरवर नोकरी केलेले हे एकटेच. हवालदार-क्लार्क. साहेबांनी सांगितलं तसं, सांगितलं तेव्हा आणि सांगितलं तेवढंच करायचं, ही त्यांची शिस्त होती आणि तिचा त्यांना अभिमान होता.

१९४३ साली त्यांना पाचगणीला नोकरी लागली. सांगलीकडचे डॉक्टर सुकुमार मगदूम यांनी तिथं क्षयाच्या पेशंटांसाठी एक लहानसं सॅनेटोरियम काढलं होतं. सिल्व्हर ओकच्या झाडांत चारसहा कौलारू कॉटेजेस, प्रत्येकीला पुढं व्हरांडा, व्हरांड्यात खाटा. त्या काळी या रोगाला औषध असं नव्हतंच. हवा, दूध, अंडी आणि विश्रांती, एवढ्यावर माणूस जगायचा नाहीतर जायचा. डॉक्टरांना मदतनीस हवा होता. पत्रव्यवहार, शिधा, नोकरचाकर, पाहुणे, पेशंटांचे नातेवाईक, सगळं सांभाळणारा. पहिल्याच दिवशी त्यांनी किल्ल्यांचा जुडगा जोतीरामांच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, मी छात्या तपासतो, बाकीचं सगळं तुमचं.

जोतीरामांनी ते मनावर घेतलं. बायको राहीबाई आणि दोन मुलांना गावाहून आणलं, आवारातल्याच दोन खोल्यांत बिऱ्हाड मांडलं, आणि वर्षभर सॅनेटोरियम घरच्यासारखं चालवलं. दूध पातळ दिसलं म्हणून एकदा घाटाखाली वाईपर्यंत जाऊन दूधवाल्याला दम देऊन आले. कुणी सांगितलं नव्हतं.

मग तो गुलाबांचा प्रकार झाला.

४४ च्या उन्हाळ्यात विहिरीनं तळ गाठला. डॉक्टर लग्नाला सांगलीकडे गेले होते. पेशंटांच्या चादरी धुवायला पाणी पुरेना. या रोगात चादरी तशाच ठेवून चालत नाही. जोतीरामांनी माळ्याला सांगितलं, आजपासून बागेला पाणी बंद, ते धुण्याला द्या. कॉटेजेसच्या समोर डॉक्टरांनी हौसेनं गुलाबाचे ताटवे लावले होते. खाटेवर पडल्या पडल्या पेशंटांना काहीतरी फुललेलं दिसावं म्हणून. आठवड्यात ते करपून गेले.

डॉक्टर परत आले ते लालासाहेबांना घेऊनच. लालासाहेब म्हणजे गुलाबाची ती कलमं ज्यांनी दिली ते जहागीरदार गृहस्थ. दोघं ताटव्यांपाशी थांबले. डॉक्टरांचा चेहरा उतरला. त्यांनी जोतीरामांना बोलावलं. सिस्टर, माळी, धोबी, सगळे तिथंच उभे होते.

"फडतरे, हे तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

"कुणी न्हाई, साहेब."

"मग यापुढं मला विचारल्याशिवाय काही करत जाऊ नका."

जोतीरामांनी पाय जुळवले आणि "येस सर" म्हटलं. चादरींचं कारण त्यांनी सांगितलं नाही, कारण ते कुणी विचारलं नव्हतं. संध्याकाळी सिस्टरनं डॉक्टरांना ते सांगितलं तेव्हा डॉक्टर "हं, बरोबर आहे" एवढंच बोलले, आणि दुसऱ्या दिवशी तो प्रसंग विसरूनही गेले. ते तापट होते, पण राग धरून बसणारे नव्हते. त्यांच्या लेखी ती दोन वाक्यं होती.

जोतीरामांच्या लेखी ती ऑर्डर होती.

त्यानंतर दीड-पावणेदोन वर्षं जोतीराम प्रत्येक गोष्ट विचारून करू लागले. घोंगड्या उन्हात टाकू का? शिधावाटपाच्या कचेरीला आज लिहू की उद्या? माळी दोन दिवस रजा मागतोय, देऊ? डॉक्टर स्टेथोस्कोप कानात घालून बसलेले असायचे आणि दारात जोतीराम उभे. डॉक्टर वैतागून म्हणत, अहो, थोडं आपल्या डोक्यानं घेत चला. जोतीराम "होय साहेब" म्हणत आणि दुपारी पुन्हा दारात येत. एवढा हुशार वाटलेला माणूस असा मठ्ठ कसा निघाला, हे डॉक्टरांना कोडंच होतं. मित्रांजवळ ते तसं बोलूनही दाखवत. ते जोतीरामांच्या उजव्या कानावर आलं होतं, असं राहीबाई मला पुढं कितीतरी वर्षांनी म्हणाल्या. ही हकीगत मी ऐकली ती त्यांच्याकडूनच. जोतीरामांनी ती घराबाहेर कुणालाच कधी सांगितली नाही.

४६ च्या जानेवारीतल्या थंडीत, एका बुधवारी, आवाराच्या फाटकातून एक बाई आत आली. काळसर लुगडं, खांद्यावर घोंगडं, डोक्यावर गाठोडं. ऑफिसच्या पायरीशी येऊन तिनं विचारलं, "आमचा अण्णाप्पा हितं हाय न्हवं?"

अण्णाप्पा जत भागातल्या एका धनगराचा मुलगा. घराण्यात पहिलाच शिकलेला. सातवीची फायनल पास होऊन शाळामास्तर झाला आणि वर्षाच्या आत छातीच्या दुखण्यानं धरला. डॉक्टरांनी त्याला विनामूल्य ठेवून घेतलं होतं. ही त्याची आई, धोंडुबाई. बाप मागेच गेलेला. आई मेंढरं आणि थोडी कोरडवाहू ज्वारी यांवर घर ओढत होती. अण्णाप्पा इथं आल्यापासून ती पहिल्यांदाच येत होती. पुतण्या लष्करात होता, रजा संपवून परत निघाला होता. त्याच्याबरोबर ती मिरजेहून रेल्वेनं वाठार स्टेशनपर्यंत आली आणि तिथून सर्व्हिस मोटारीनं एकटी घाट चढली. संध्याकाळच्या आत तिला वाठारला पोचायचं होतं. पुतण्याच तिला मिरजेच्या गाडीत बसवून देणार होता आणि मग आपल्या वाटेनं जाणार होता. त्याच्याशिवाय तिला परतीची वाट ठाऊक नव्हती.

सॅनेटोरियमचा नियम असा होता की भेट रविवारी दुपारीच. इतर दिवशी डॉक्टरांची परवानगी पाहिजे. आणि डॉक्टर दुधाच्या परवान्यासाठी साताऱ्याला गेले होते.

जोतीरामांनी तिला बाकावर बसवलं, चहा पाजला. म्हणाले, साहेब नाहीत, दुपारपर्यंत येतील. आले की लगेच भेटवतो. बाई बसून राहिली. समोर झाडांच्या पलीकडे अण्णाप्पाची कॉटेज होती. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. पण आपला मुलगा तिथं आहे हे तिला माहीत नव्हतं, आणि जोतीरामांनी सांगितलं नाही.

दुपार झाली, डॉक्टर आले नाहीत. सिस्टर आत येऊन जोतीरामांच्या उजव्या बाजूला उभी राहिली आणि हळूच म्हणाली, नुसतं व्हरांड्याखालून लांबून बघू द्या की बिचारीला. जोतीरामांना ते पटत होतं. तोंडावर आलेलं 'हो' त्यांनी गिळलं आणि म्हणाले, साहेब नाहीत.

मोटारीची वेळ झाली तशी बाई उठली. तिनं आर्जव केलं नाही, रडली नाही. गाठोडं टेबलावर ठेवलं, हे तेवढं त्याला द्या म्हणाली, आणि फाटकातून निघून गेली. डॉक्टरांचं काम साताऱ्यात लांबलं होतं. ते त्या दिवशी आलेच नाहीत.

गाठोडं घेऊन जोतीराम स्वतः कॉटेजवर गेले. ज्वारीच्या कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि घरच्या लोकरीचं नवं कोरं घोंगडं. अण्णाप्पानं घोंगडं हातात घेतलं, वास घेतला आणि उठून बसला.

"अव्वा आलीती?"

"आली होती."

"कुटं हाय?"

"गेली. साहेब नव्हते..."

अण्णाप्पानं घोंगडं मांडीवर ठेवलं. मग म्हणाला, "मी तर हितंच हुतो की."

तो भिंतीकडे तोंड करून निजला. संध्याकाळचं दूध घेतलं नाही, दुसऱ्या दिवशी सकाळचंही नाही.

जोतीराम घरी येऊन जेवायला बसले आणि अर्ध्या ताटावरून उठले. राहीबाईंनी काय झालं विचारलं तेव्हा त्यांनी जसं घडलं तसं सांगितलं, आणि शेवटी म्हणाले की नियमाप्रमाणं बरोबरच होतं. राहीबाई त्यावर "व्हय" सुद्धा म्हणाल्या नाहीत. ते त्यांना जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर आले. अण्णाप्पाचा चार्ट पाहून, सिस्टरकडून सगळं ऐकून तरातरा ऑफिसात शिरले. एवढ्या लांबून आलेल्या आईला परत पाठवलंत? माझी वाट कशाला बघायची? तुमच्यावर इथलं सगळं सोपवलंय ते कशासाठी? डॉक्टरांचा आवाज चढत गेला. जोतीराम उभे होते. डॉक्टर थांबल्यावर ते म्हणाले, "साहेब, गुलाब वाळले तवा तुम्ही हुकूम दिलावता, विचारल्याबिगर काही करायचं नाही. तो अजून मागं घेतला नव्हता."

त्यात उलट उत्तराचा सूर नव्हता. विचारलेल्या प्रश्नाचं त्यांनी खरं उत्तर दिलं होतं.

डॉक्टरांना क्षणभर कळेचना की कसले गुलाब. मग आठवलं. ताटव्यांपाशी उभे असलेले सिस्टर, माळी, धोबी आठवले, लालासाहेब आठवले. चादरींचं कारण समजल्यावर आपण त्या माणसाला दोन शब्दही बोललो नाही, हेही आठवलं. पावणेदोन वर्षं ज्याला मठ्ठ म्हणत आलो तो आपलाच हुकूम पाळत होता. ते समोरच्या खुर्चीवर, जिथं नातेवाईक बसत तिथं बसले आणि चष्मा काढून पुसत राहिले. मान वर करवत नव्हती त्यांना. जोतीरामांनाही करवत नव्हती. दोघांनाही वाटत होतं, दोष आपला आहे, आणि समोरच्यानं आपल्याला काहीतरी कडक बोलावं.

शेवटी डॉक्टर म्हणाले, "तो हुकूम मी द्यायला नको होता. आज मागं घेतो. आता या पोराचं काय करायचं ते तुम्ही ठरवा. मला विचारू नका."

जोतीराम तिथंच उभे राहिले. विचारू नका हे कळलं, पण पुढं काय ते कळेना. दुपारपर्यंत त्यांनी दोनदा डॉक्टरांच्या दारापर्यंत चक्कर मारली आणि दोनदा परत फिरले. मग घरी गेले, पिशवीत धोतर-सदरा भरला, राहीबाईंना म्हणाले, जतला जाऊन त्या बाईला घेऊन येतो. आपल्याकडंच ठेवू.

राहीबाईंनी मुलांकडं बघितलं. क्षयवाल्याची आई रोज त्याच्याजवळ बसून मग या दोन खोल्यांत येणार. त्यांना भीती वाटली, आणि ती त्यांनी मला लपवली नाही. पण म्हणाल्या, "आणा. फुडल्या खोलीत निजंल ती."

मिरजेपर्यंत रेल्वे, तिथून जतची मोटार, पुढं बैलगाडी आणि शेवटी पायवाट. जोतीराम कोटटोपी घालून माळावरच्या त्या वस्तीवर पोचले तेव्हा धोंडुबाई मेंढरांना पाणी दाखवत होती. तिनं लांबूनच त्यांना ओळखलं. हातातली घागर तिथंच सोडली आणि मटकन खाली बसली.

सॅनेटोरियमचा माणूस दारात आल्यावर आईला काय वाटेल, याचा विचारच जोतीरामांनी केला नव्हता. ते धावत सुटले, धापा टाकत म्हणाले, "बरा हाय, मावशी. अण्णाप्पा बरा हाय. तुम्हाला न्यायला आलोय." तिला खरं वाटायला वेळ लागला. तोवर ते तिच्यासमोर मातीत उकिडवे बसून तेच पुन्हा पुन्हा सांगत होते. पुन्हा आपल्या मनानं करायला निघालेल्या पहिल्याच कामात आपण या बाईला दुसऱ्यांदा मारलं, असं त्यांना वाटलं.

तिनं पाणी दिलं. मग त्यांनी बुधवारचं बोलणं काढलं. म्हणाले, त्या दिवशी साहेब नव्हते, म्हणून भेट देता आली नाही.

धोंडुबाई म्हणाली, "आवं, मला काय ठावं कोन सायेब. कोट घालून तुमी बसलावता, किल्ल्या तुमच्या म्होरं हुत्या. मला वाटलं तुमीच सायेब. तुमी न्हाई म्हनला म्हंजी पोराच्या भल्याचंच असंल, असं समजून गेलो आमी."

तिनं राग धरला असता तर जोतीरामांना सोपं गेलं असतं. इतके दिवस ते समजत होते की नाही म्हणणारे डॉक्टर, आपण नुसते निरोपे. त्या बाईला निरोप्या दिसलाच नव्हता. तिच्यापुरतं त्या दिवशी सॅनेटोरियम म्हणजे तेच होते. आणि त्यांनी नाही म्हटलं होतं.

मेंढरं भावकीत सोपवून ती निघाली. परतीच्या गाडीत ती बाकावर बसायला तयार होईना. खाली पोतं टाकून बसली. जोतीराम मग स्वतःही बाकावर बसले नाहीत.

पाचगणीला पोचल्यावर ते तिला ऑफिसात न नेता थेट कॉटेजवर घेऊन गेले. डॉक्टर तिथंच होते, राऊंडवर. बाईला बघून ते थांबले. नातेवाइकानं आवारात राहायचं नाही हा त्यांनी स्वतः केलेला नियम होता, आणि त्याला कारणं होती. तोंड उघडलंही असावं. पण त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि पुढच्या खाटेकडे वळले. अण्णाप्पा घोंगडं बाजूला टाकून उठायला बघत होता. आईनं लांबूनच हात करून त्याला निजवला आणि पायथ्याशी खाली बसली. त्या दिवशी त्यानं आपणहून दूध घेतलं.

पण सगळं तेवढ्यानं सुरळीत झालं नाही. चार दिवसांत दुसऱ्या एका पेशंटचे चुलते, नानासो, तणतणत आले. धनगराच्या आईला रोज भेट, आणि आम्ही रविवारची वाट बघायची, हा कुठला न्याय? डॉक्टर म्हणाले, फडतऱ्यांना विचारा, ते बघतात ते. जोतीरामांना घाम फुटला. त्यांनी दिवसभराची मुदत मागून घेतली आणि विचार करून ठरवलं, की लांब गावाहून येणाऱ्याला कोणत्याही दिवशी भेट, व्हरांड्याखालून, अंतर ठेवून. जवळपासच्यांना रविवार. नानासो वाईचे होते. ते चिडून गेले आणि बरेच दिवस डॉक्टरांशीही बोलले नाहीत. डॉक्टरांनी नियम बदलला नाही.

मग अण्णाप्पाला ताप चढला. आई आल्यापासून तो दिवसभर तिच्याशी बोलत होता आणि विश्रांती मोडत होती. आपल्यामुळंच झालं हे जोतीरामांना कळलं. ते डॉक्टरांकडे गेले आणि म्हणाले, आता तुम्हीच सांभाळा. डॉक्टरांनी तापाचं सगळं नीट समजावून सांगितलं आणि त्यावर काय करायचं ते मात्र सांगितलं नाही. जोतीराम दारातच घुटमळले. मग स्वतःच म्हणाले, सकाळी थोडा वेळ आणि संध्याकाळी थोडा, तेवढंच भेटू देतो. हे धोंडुबाईला सांगायचं कामही त्यांनी सिस्टरवर टाकलं नाही. स्वतः गेले, आणि या वेळी खरं कारण सांगितलं. ती म्हणाली, व्हय, तसंच करा.

डॉक्टरांनाही हे सोपं गेलं नाही. पावसाळ्याच्या तोंडी जोतीरामांनी न विचारता ब्लँकेटं मागवली. ती पातळ निघाली, आणि डॉक्टर सगळ्यांदेखत पुन्हा ओरडले. जोतीरामांनी पाय जुळवले. दुसऱ्या दिवशी पहिल्या राऊंडच्या आधी डॉक्टरांनी सिस्टर, माळी, धोबी, सगळ्यांना ऑफिसात बोलावलं आणि जोतीरामांच्या उजव्या बाजूला उभं राहून म्हणाले, "काल मी चुकलो. ब्लँकेटं चुकली असतील, पण मागवली ते बरोबर केलं." बोलताना त्यांचे कान लाल झाले होते, असं सिस्टरनं राहीबाईंना सांगितलं. जोतीरामांनी ब्लँकेटं परत पाठवून जाड मागवली.

अण्णाप्पा ४७ च्या उन्हाळ्यात घरी गेला. पूर्ण बरा नव्हे, पण थुंकीच्या डब्यात रक्त नव्हतं आणि चालता येत होतं. पुढं तो पुन्हा शाळेवर लागला. निघताना धोंडुबाईनं जोतीरामांच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. म्हणाली, तुमच्यामुळं पोरगं मिळालं. जोतीरामांनी मान वर केली नाही. राहीबाईंना वाटलं, लाजले असतील. घरी आल्यावर ते म्हणाले, "ती असं का म्हनती? तिला आठवत न्हाई का?"

राहीबाई म्हणाल्या, आठवत असंल.

नंतरच्या वर्षांत डॉक्टर महिनामहिना बाहेर असत आणि सॅनेटोरियम जोतीराम चालवत. बाजारात लोक त्यांनाच साहेब म्हणू लागले. त्यांना ते आवडत नसे, पण त्यांनी कुणाला दुरुस्तही केलं नाही. फाटकाशी कुणी लांबचं माणूस उभं दिसलं की शिपायाला न पाठवता ते स्वतः उठून जात, कडी काढत, कुणाला भेटायचं ते विचारत आणि पुढं होऊन कॉटेजपर्यंत पोचवून येत. वाटेत बोलत नसत. नातेवाईक उपकार मानू लागले की त्यांच्याकडे कान करून उभे राहत, डावा.